पाणी वेगळं, पावडर वेगळी

मावशी, नमस्कार. माझं बाळ चार महिन्यांचं आहे. आठव्या महिन्यातच झालं, वजन दोन किलोच्या आत होतं, म्हणून दवाखान्यातून सुट्टी देतानाच डॉक्टरांनी अंगावरच्या दुधासोबत डब्याचं दूध लिहून दिलं. आता दोन्ही सुरू आहे. मे महिन्यात माझ्या भावाचं लग्न आहे. सासर दर्यापूर तालुक्यात, माहेर वणीकडे. दर्यापूरहून अमरावती, तिथून यवतमाळ, मग वणी, असा दिवसभराचा एसटीचा प्रवास. सासूबाई म्हणतात, "सकाईच तीन बाटल्या भरून ठेव, रस्त्यात कुठं चूल मांडशीन?" जाऊ म्हणते, एक दिवस गाईच्या दुधात पाणी घालून दे, नाहीतर बिस्कीट विरघळवून दे. नवरा म्हणतो, पाण्याच्या बंद बाटल्या घेऊ, त्यातच पावडर कालवू. माहेरी बोअरचं पाणी आहे आणि घरात ही पाहुण्यांची गर्दी. कुणाचं ऐकू? की जाऊच नको?
— एक आई, दर्यापूर तालुका

पोरी, लग्नाला जा. सख्ख्या भावाचं लग्न आहे, आणि चार महिन्यांचं बाळ घेऊन एसटीनं प्रवास करणाऱ्या बाया आपल्याकडे काही कमी नाहीत. फक्त निघण्याआधी बाळाच्या डॉक्टरांना एकदा दाखव, कारण बाळ लवकर झालेलं आहे. त्यांनी होकार दिला की पुढची तयारी घरच्या घरी होण्यासारखी आहे.

आता कुणाचं ऐकायचं ते. सासूबाईंच्या तीन बाटल्या नकोत, जावेचं गाईचं दूध नको, बिस्कीट तर मुळीच नको, आणि नवऱ्याचं अर्धंच ऐकायचं. उकळलेलं पाणी रस्त्यासाठी थर्मासमध्ये न्यायचं, पावडर मोजून कोरड्या डबीत वेगळी न्यायची, बाळाला भूक लागली की त्या वेळेपुरतंच दूध करायचं, पाजायचं आणि उरलेलं ओतून द्यायचं. माझं सगळं सांगणं एवढंच आहे. पण ते असं का, हे तुला नीट कळलं तर लग्नघरात कुणी काही म्हटलं तरी तू डगमगणार नाहीस, म्हणून सविस्तर लिहिते.

डब्यातली पावडर निर्जंतुक असते असा बहुतेकांचा समज आहे. डबा बंद, वर चकचकीत कागद, आत पांढरीशुभ्र पावडर, मग शंका तरी कशी येणार? पण गिरणीतून आणलेलं पीठ कितीही स्वच्छ दिसलं तरी ते कच्चंच असतं, तसंच हिचंही आहे. कारखान्यात कितीही काळजी घेतली तरी पावडरीत क्रोनोबॅक्टर किंवा साल्मोनेला नावाचे जंतू क्वचित राहू शकतात. कोरड्या पावडरीत ते वाढत नाहीत, नुसते पडून असतात. त्यात पाणी पडलं आणि ऊब मिळाली की मात्र झपाट्यानं वाढायला लागतात. क्रोनोबॅक्टरचा आजार दुर्मीळ आहे, पण झाला तर रक्तात आणि मेंदूच्या आवरणापर्यंत जातो. सगळ्यात जास्त धोका दोन महिन्यांच्या आतल्या बाळांना आणि तुझ्या बाळासारख्या दिवस भरण्याआधी झालेल्या, कमी वजनाच्या बाळांना.

आता सासूबाईंच्या बाटल्यांचा विचार कर. सकाळी सहाला भरलेली बाटली. मे महिना, अमरावती ते यवतमाळ भर उन्हातली एसटी, पत्रा तापलेला, पिशवी मांडीवर. ती बाटली दुपारी एक वाजता बाळाच्या तोंडाला लावायची म्हणजे जंतूंना सात तास उबदार जागा आणि खाऊ दोन्ही देऊन ठेवल्यासारखं झालं. वास येत नाही, फाटत नाही, चवीतही कळत नाही. म्हणूनच फसगत होते.

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी २००७ साली याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यातली मुख्य गोष्ट अशी की पावडर ७० अंश सेल्सियसपेक्षा कमी नसलेल्या पाण्यात कालवायची. एवढ्या उष्णतेला पावडरीतले जंतू मरतात. पाणी खळखळ उकळून उतरवलं की अर्ध्या तासाच्या आत वापरायचं, कारण त्यानंतर ते ७० च्या खाली गेलेलं असू शकतं. केलेलं दूध बाहेर ठेवलं तर जास्तीत जास्त दोन तास. आपल्या मे महिन्यात मी तेवढंही थांबणार नाही, केलं की लगेच पाजायचं. आणि बाळाचं तोंड लागलं की तासाभरात जे उरेल ते फेकायचं, कारण लाळेतून पुन्हा जंतू जातात.

इथं तुझा गोंधळ होईल असं एक आहे. आपल्याकडच्या कित्येक डब्यांवर "पाणी उकळून कोमट करा, मग पावडर घाला" असं छापलेलं असतं. कोमट पाण्यात कालवलं तर पावडरीतले जंतू मरत नाहीत. काही पावडरींमध्ये मुद्दाम चांगले जिवाणू घातलेले असतात आणि गरम पाण्यानं ते मरतात, हेही खरं. म्हणून निघण्याआधी डबा घेऊनच डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचार, "माझं बाळ लवकर झालेलं आहे, ७० अंशांच्या पाण्यात कालवू ना?" ते सांगतील तसं कर. मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून डबा मात्र बदलू नकोस. १९९२ च्या कायद्यानं या दुधाच्या जाहिरातीलाच बंदी आहे, आणि ती विचार करून घातलेली आहे.

आता थर्मास. स्टीलचा, दुहेरी भिंतीचा, घट्ट बुचाचा घे. एका मोठ्यापेक्षा अर्ध्या अर्ध्या लिटरचे दोन बरे. थर्मास भरलेला आणि बंद असला तर पाणी कितीतरी तास कडकडीत राहतं, पण दरवेळी बूच उघडलं की ऊब जाते, आणि अर्धा रिकामा झाला की पाणी भराभर निवतं. एक थर्मास पहिल्या दोन वेळांसाठी, दुसरा बूचही न उघडता शेवटच्या वेळेसाठी राहू दे. भरण्याआधी त्यात उकळतं पाणी घालून पाच मिनिटं झाकून ठेव, ते ओतून टाक, मग नव्यानं उकळलेलं पाणी गळ्यापर्यंत भर. गार थर्मासमध्ये उकळतं पाणी ओतलं की तिथंच त्याची निम्मी मेहनत वाया जाते.

तुझा थर्मास किती तास टिकतो हे दुकानदाराला विचारून कळणार नाही. निघायच्या आठवडाभर आधी घरीच तपास. सकाळी सहाला भर, दुपारी बारापर्यंत हात लावू नकोस, मग उघडून मोज. त्यासाठी स्वयंपाकाचा थर्मामीटर मिळतो, अमरावतीला भांड्यांच्या मोठ्या दुकानात विचार किंवा फोनवरून मागव. ताप पाहायचा थर्मामीटर यात बुडवू नकोस, तो ४२ अंशांच्या आसपासच थांबतो, काचेचा असला तर फुटेलही. पारा बारा वाजता ७० च्या वर असला तर सहा तासांचा तुझा भरवसा झाला. खाली असला तर रस्त्यात पाणी नव्यानं उकळून घ्यावं लागेल, आणि तेही अवघड नाही. घरून एक छोटा गंज (पातेलं) आणि आपलं पाणी सोबत ठेव. यवतमाळच्या स्टँडबाहेरच्या चहावाल्याला म्हण, "दादा, बाळासाठी एवढं पाणी माझ्या गंजात खळखळ उकळून द्या." सहसा कुणी नाही म्हणत नाही, पैसेही घेत नाहीत. त्याच्या किटलीतलं किंवा पिंपातलं गरम पाणी मात्र घेऊ नकोस, ते कुठलं आणि किती उकळलं हे आपल्याला ठाऊक नसतं.

आता भांडी. मी तुला बाटलीऐवजी वाटी-चमचाच सांगेन. बाटलीच्या बुचाच्या आट्यांत आणि निपलमध्ये दुधाचा थर अडकतो, प्रवासात तो निघत नाही. बोंडल्याची चोचही तशीच. वाटी आणि चमचा डोळ्यांना दिसतात, बोटानं घासता येतात. जितक्या वेळा दूध द्यायचं तितक्या वाट्या आणि चमचे, वर एक जोड जास्तीची. म्हणजे रस्त्यात धुवायचा प्रश्नच नाही. सगळं साबणानं घासून, पाण्यात पूर्ण बुडवून दहा मिनिटं उकळ, स्वच्छ जाळीवर आपोआप वाळू दे (फडक्यानं पुसू नकोस) आणि झाकणाच्या डब्यात ठेव. पाणी मोजायला खुणांची एक बाटली लागेलच, तीही तशीच उकळून घे. प्रत्येक वेळेनंतर तिच्यातून थर्मासचं कडकडीत पाणी फिरवून ओतलं तरी पूर्ण निर्जंतुक होत नाही, म्हणून जमलं तर अशा बाटल्याही वेळेइतक्याच घे.

पावडर घरूनच मोजून छोट्या कोरड्या डब्यांत भर, एका डबीत एका वेळेची. धुळीच्या स्टँडवर अख्खा डबा उघडायला नको. मोजमाप डब्यातल्याच चमच्यानं. चमचा भरून त्यावर स्वच्छ सुरीची पाठ फिरव, वरचा ढीग डब्यात परत पडू दे, दाबून भरू नकोस. बऱ्याच डब्यांत ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असं प्रमाण असतं, पण एका कंपनीचा चमचा दुसरीला चालत नाही, म्हणून तुझ्या डब्यावरचं वाच. डबा पुरावा म्हणून एखादा चमचा कमी घालणाऱ्या आया आहेत, बाळ लवकर बाळसं धरावं म्हणून जास्त घालणाऱ्याही आहेत. पातळ दुधानं बाळ पोट भरूनही उपाशी राहतं आणि रक्तातलं मीठ कमी होऊन झटकेसुद्धा येऊ शकतात. घट्ट दुधानं कोठा धरतो, शरीरातलं पाणी कमी पडतं, मूत्रपिंडावर ताण येतो. उन्हाळ्यात तर हे फारच वाईट.

करायची वेळ आली की हात साबणानं धू, नुसतं पाणी लावून नाही. आधी खुणेपर्यंत पाणी, मग पावडर. उलट केलं तर पाण्याचं माप चुकतं. बूच लावून हलव. हे दूध चटका देणारं असतं. एका भांड्यात साधं पाणी घेऊन त्यात बाटली ठेव, पाणी बुचाच्या खालीच राहील असं बघ. मे महिन्यात ते साधं पाणीही गरमच असतं, त्यामुळे निवायला वेळ लागतो, मधे एकदा बदलावं लागतं. म्हणून बाळ रडेपर्यंत थांबू नकोस. ओठ चाटायला लागलं, मूठ तोंडात घालायला लागलं की सुरुवात कर. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून कोमट लागला की वाटीत ओत. निववायला म्हणून गार पाणी वरून दुधात घालायचं नाही, भले ते उकळून गार केलेलं असो, त्यानं मापाचा घोळ होतो.

चालत्या गाडीत वाटी-चमच्यानं पाजू नकोस. गाडी बदलायला अमरावती आणि यवतमाळला उतरशीलच, तिथं निवांत बसून पाज. आपल्याकडच्या बऱ्याच स्टँडवर आयांसाठी हिरकणी कक्ष आहे, कुलूप असलं तर चौकशीच्या खिडकीवर जाऊन उघडायला लाव, संकोच करू नकोस. आणि मधल्या वेळेत अंगावर घे. प्रवासात त्याच्याइतकं सोयीचं आणि निर्धोक काहीच नाही, ना पाणी लागत, ना भांडं, ना थर्मास. डब्याचं दूध सुरू आहे म्हणून रस्त्यात अंगावरचं टाळशील तर तेही हळूहळू कमी होईल. पदर घेऊन बिनधास्त पाज, आणि स्वतः भरपूर पाणी पी. उन्हातान्हात बाळाला वरून पाणी द्यायचं का, हेही डॉक्टरांनाच विचार. विचारल्याशिवाय नको, छोट्याशा पोटात पाणी गेलं की दुधाची जागा जाते.

सकाळची पहिली गाडी पकड. निघताना घरूनच पाजलंस की पहिली वेळ तिथंच भागते. पिशवी ड्रायव्हरशेजारच्या बोनेटवर ठेवायला देऊ नकोस, तिथं पावडर तापते आणि डब्यांवरून लोकांचे पायही जातात.

पाण्याचं मुद्दाम वेगळं लिहिते, कारण आपल्या भागात ही बाब मोठी आहे. तू खारपाणपट्ट्यातली. पूर्णा नदीच्या खोऱ्यातलं, अकोला, अमरावती, बुलडाण्यातलं जमिनीखालचं पाणी खारं आहे हे तुला मी काय सांगू. यवतमाळ आणि चंद्रपूरकडे काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराईड आहे. आणि शेतात टाकलेलं खत, उघडी गटारं यांमुळे विदर्भातल्या बऱ्याच विहिरी-बोअरमध्ये नायट्रेट उतरलं आहे. उकळल्यानं जंतू मरतात, पण मीठ, फ्लोराईड, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटलं की ते आणखी दाट होतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत असावं असं भारतीय मानक आहे. त्याहून जास्त असलं तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते, ओठ-नखं निळसर पडतात. मोठ्यांना त्याच पाण्यानं सहसा असं होत नाही, म्हणून "आम्ही तर हेच पितो" या बोलण्यावर जाऊ नकोस.

मग काय करायचं? भावाला आजच फोन कर. गावात नळयोजनेचं पाणी येतं का विचार. येत नसेल तर ग्रामपंचायतीत जलसुरक्षकाला भेटून त्या बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल बघायला सांग, त्यात फ्लोराईड आणि नायट्रेट दोन्ही पाहायचं. अहवाल नसेल किंवा आकडे जास्त असतील तर बाळाच्या दुधापुरतं पॅकबंद पाणी घ्या. इथं तुझ्या नवऱ्याचं बरोबर आहे. पण तेही खळखळ उकळूनच वापरायचं, कारण बंद बाटलीतलं पाणी निर्जंतुक असेल असं नाही, आणि गार पाण्यात पावडरीतले जंतू मरत नाहीत हे वर लिहिलंच आहे. बाटलीवर सोडियमचा आकडा दिलेला असला तर कमीत कमी असलेली निवड. लग्नात येतात ते गार पाण्याचे कॅन बाळासाठी नकोतच. त्यांना सील नसतं, कुठून भरले याचा पत्ता नसतो, आणि तोटीला सगळ्यांचे हात लागतात.

लग्नघरात दूध एकाच माणसानं करायचं, तू किंवा तुझी आई. पाच जणी मदतीला धावल्या की कुणी किती चमचे घातले कळत नाही. तिथल्या फ्रीजच्या भरवशावर करून ठेवू नकोस, तो दर पाच मिनिटांनी उघडतो आणि वीज कधी जाईल सांगता येत नाही. रात्री थर्मास, डब्या, वाट्या उशाशी घेऊन झोप. आणि मध, घुटी, साखरेचं पाणी चाटवायला कुणी बोट पुढे केलं तर बाळ उचलून सरळ दुसऱ्या खोलीत जा. वर्षाच्या आत मध तर अजिबात नाही.

जावेचं राहिलं. गाईच्या दुधात बाळाच्या मूत्रपिंडाला झेपणार नाही इतकी प्रथिनं आणि क्षार असतात, लोह फारच कमी. पाणी घातलं की ताकदही जाते. वर्ष होईपर्यंत ते पिण्याचं दूध म्हणून नको. बिस्किटात मैदा आणि साखर, सहा महिन्यांच्या आत त्याचं काही काम नाही. एका दिवसानं काय होतं असं ती म्हणते, पण हगवण लागायला एक दिवस पुरतो.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. त्यांना सून उन्हात अडचणीत येऊ नये एवढंच वाटतंय. दूध ओतून द्यायची वेळ आली की त्यांचा जीव तुटेल, "येवढं महाग दूध काहून फेकतं माय?" म्हणतील, आणि डब्याची किंमत पाहता ते चुकीचंही नाही. त्यावर उपाय असा की थोडंच कर. बाळ नेहमी जेवढं संपवतं तेवढंच, हवं तर थोडं कमी, आणि अपुरं पडलं तर अंगावर घे. थर्मास तपासायच्या दिवशी सासूबाईंनाच बारा वाजता बूच उघडायला सांग. सकाळचं पाणी दुपारी हात लावू देत नाही हे त्यांनी स्वतः पाहिलं की "रस्त्यात चूल" हा प्रश्न त्यांच्यापुरता मिटेल.

सोबत डॉक्टरांचा कागद आणि डब्याच्या लेबलचा फोटो ठेव. बाळ पाणीदार जुलाब करायला लागलं, सारखं ओकायला लागलं, दूध ओढेना, सुस्त पडलं, सहा-आठ तास लघवी झाली नाही, टाळू खोल गेली, अंग तापलं किंवा उलट गार पडलं, शौचात रक्त दिसलं, झटका आला किंवा ओठ निळे पडले, यातलं एकही झालं तर हळद लागायची असो की अक्षता पडायच्या असोत, थांबायचं नाही. जवळचा सरकारी दवाखाना गाठ, गाडी नसेल तर १०८ ला फोन कर. जुलाबात अंगावर पाजणं बंद करायचं नाही, आणि ओआरएस किती द्यायचं ते तिथले डॉक्टर वजन पाहून सांगतील. तोवर अंगावर थोडं थोडं, सारखं पाजत राहा.

परतीच्या दिवशीही हीच तयारी लागेल, आणि लग्नाच्या गडबडीत तीच नेमकी राहून जाते. वरातीच्या रात्रीच वाट्या-चमचे उकळून वाळत घाल, आणि वणीहून निघायच्या पहाटे थर्मास भरायचं काम तुझ्या आईकडे दे.

— मावशी